कडेनं पळणारी दोघं

मडगाव,
८ सप्टेंबर २०१३

ती. अक्कास,
विलासचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर मी बरा आहे आणि ठेवतो एवढंच बोलतो, अशी तुझी तक्रार आहे. ती खरी आहे. म्हणून कोल्हापूरच्या वसतिगृहातून लिहायचो तसं आजपासून परत कागदावर लिहिणार. तूही लिहायचं. दवाखान्याच्या रजिस्टरात इतकं लिहितेस, भावासाठी एक पान जड होणार नाही.

बातमी अशी, की क्लबनं मला घेतलं. चाचणीला बोलावलेल्या चाळीस जणांतून तिघं निवडले, त्यात मी एक. करारावर सही करताना माझंच नाव चुकलो, तेव्हा मॅनेजरनं विचारलं, ताप आहे का. काल पहिला सामना झाला आणि शेवटची पंचवीस मिनिटं मला मैदानात सोडलं. डाव्या विंगला. म्हणजे डाव्या कडेची रेषा धरून पळायचं, समोरच्याला चकवायचं आणि गोलापुढं उभ्या असलेल्या आपल्या माणसाला डोक्याजोगा चेंडू नेऊन द्यायचा. असे चार दिले, एकावर गोल झाला. सगळ्यांनी गोल करणाऱ्याला उचललं आणि तो वरून माझ्याकडे बोट दाखवत राहिला.

मला घाटनांदूरचं मालधक्क्यामागचं मैदान आठवलं. केरळचे ते स्टेशनमास्तर, कुरियनसाहेब, त्यांनी अण्णांना बोलावून सांगितलं होतं, की माणिकराव, पोराचा डावा पाय सोन्याचा आहे, याला रुळाच्या गँगवर लावू नका. साहेबांनी बोलावलं म्हणजे रुळावर काहीतरी चुकलं असणार, या भीतीनं अण्णा टोपी हातात घेऊन गेले होते. हे पत्र त्यांना वाचून दाखव.

दाजींना जयभीम, रोहिणीला मामाचा पापा. माझ्यावर आहे तसाच जीव राहू दे.
तुझा
विलास


माजलगाव,
२४ सप्टेंबर २०१३

चि. विलास यास,
अक्काचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र घेऊन रविवारी घाटनांदूरला जाऊन आले. अण्णांनी दोनदा वाचायला लावलं आणि मग खिशात घालून स्टेशनवर गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा कागदाला चहाचे डाग होते. कुणाकुणाला दाखवलं ते सांगेनात.

मायला मात्र एक गोष्ट पटली नाही. मोबाईलवर तुझ्या सामन्याचे फोटो दाखवले, तर प्रत्येक फोटोत तू रेषेपाशी. ती म्हणाली, आपल्याला जलमभर गावाच्या कडेला ठेवलं, आता तिथं बी लेकराला कडेलाच कावून उभं केलंय, मधी जागा न्हाई का. अण्णा हसले, मीही हसले. उत्तर तूच लिही तिला.

इकडे माझी धावपळ चालू आहे. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं पुढच्या महिन्यात निघतील, त्याआधी त्यांच्या लेकरांचे डोस पुरे करायचे आहेत. रोहिणी सहा वर्षांची झाली. घरात जे गोल दिसेल त्याला लाथ मारते, परवा कांदेसुद्धा सोडले नाहीत. तेही डाव्या पायानं. हे म्हणतात, मामावर गेली. मी म्हटलं, जाऊ दे, फक्त जेवणाच्या बाबतीत जाऊ नये. वेळेवर जेवत जा.

लांब असलास तरी हे सगळं वाचून आठवशील, असा लोभ ठेव.
अक्का


पुणे,
१९ एप्रिल २०१६

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पाठीवर पडून लिहितोय, अक्षर वाकडं येईल. ऑपरेशन झालं. उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट पूर्ण तुटलं होतं, दोन हाडांमधली गादीही फाटली होती. तू नर्स आहेस, तुला जास्त सांगायला नको.

फोनवर सांगितलं नाही ते आता लिहितो. गुडघा तीन आठवड्यांपासून सुजलेला होता. क्लबच्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. पण सामना असा, की हरलो तर क्लब खालच्या गटात जाणार. खेळायच्या आधी कोचसरांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, विलास, जमेल ना. अक्का, वीस जण माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणालो. मग इंजेक्शन दिलं. तासभर तो गुडघा माझा नव्हताच, दुसऱ्या कुणाचा आणून लावल्यासारखा होता. एकसष्टाव्या मिनिटाला वळलो आणि आवाज झाला. तो मला एकट्यालाच ऐकू आला असेल असं वाटलं, पण समोरचा डिफेंडरसुद्धा थांबला.

सामना आम्ही जिंकलो. कोचसर दवाखान्यात एकदाही आले नाहीत. क्लबचं पत्र आलं, करार या महिन्यात संपतोय, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. पंचविसाव्या वर्षी पुढची वाटचाल कुबडीवर. दोष कुणाला देऊ, मीच तर हो म्हणालो.

मायनं विचारलं होतं ना, कडेला कावून. तेव्हा मी लिहिलं होतं, की कडेला सगळ्यात मोकळी जागा असते म्हणून. तिला सांग, आता तिथंही नाही.

पत्र अण्णांना वाचून दाखवू नकोस. तुझा लोभ आहे म्हणून एवढं तरी लिहवलं.
विलास


माजलगाव,
२ मे २०१६

चि. विलास यास,
अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

मी हो म्हणालो, असं तू दोनदा लिहिलंस. ते वाचून मला कोचपेक्षा तुझाच राग आला. वीस माणसांसमोर विचारल्यावर कुणाला नाही म्हणता येतं. आणि हे विचारणाऱ्याला पक्कं माहीत असतं, म्हणूनच तो एकट्याला बाजूला घेऊन विचारत नाही. सुजलेल्या गुडघ्यात दुखणं मारायचं इंजेक्शन देऊन पळवणं, याला माझ्या भाषेत खेळ म्हणत नाहीत. दुखणं हे राखणदार असतं रे. राखणदाराचं तोंड दाबून घर लुटलं त्यांनी.

अण्णांना मी सांगितलं. लपवून राहणार होतं थोडंच. चौतीस वर्षं रूळ तपासलेला माणूस, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्या मालधक्क्यामागच्या मैदानावर गेला आणि गवतातले दगड वेचत बसला. मायनं विचारलं, तर म्हणाले, लेकरांच्या पायाला लागतेत.

तू घरी ये. माय तुला तीन महिने उभं राहू देणार नाही. आणि बरा झालास की कोच हो. खेळणं गेलं म्हणून तुझ्या डोक्यातलं गेलं नाही. तुझ्याशी वागले तसं न वागणारा एक तरी कोच या देशात होईल. रोहिणी तुझ्या खोलीत आधीच दोन चेंडू नेऊन ठेवून बसली आहे.

वाट बघते. लोभ आहेच, तो मागायची गरज नाही.
अक्का


पुणे,
९ जून २०२२

ती. अक्कास,
विलासचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या शब्दावर कोच झालो त्याला आता पाच वर्षं होतील. शाळांमधून शिट्टी फुंकली, परीक्षा दिल्या, लायसन्स मिळवलं, आणि या महिन्यापासून इथल्या एका अकादमीनं मुलींचा अख्खा संघ माझ्या हातात दिला आहे. मुलींचं वसतिगृह आहे, शेजारीच कॉलेज आहे, वॉर्डनबाई कडक आहेत. मुलींचे फोन फक्त रविवारी देतात. तुला हे का सांगतोय ते तू ओळखलं असशील.

मेमध्ये घाटनांदूरला रोहिणीला खेळताना पाहिलं. मोठ्या पोरांमध्ये एकटी पोरगी. दोघांना मागं टाकून रेषेपर्यंत गेली, तिथं थांबली, मान वर करून बघितलं आणि मग चेंडू दिला. ते थांबणं मला वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत जमत नव्हतं. ती माझ्यापेक्षा चांगली आहे. हे मी मामा म्हणून लिहीत नाही.

दहावी झालीच आहे. दोन वर्षं दे. दाजी नाही म्हणतील, त्यांची समजूत तू काढ. मला एकदा तरी असं कुणाला तरी घडवू दे, की मला जिथं थांबावं लागलं तिथून पुढं ती जाईल.

मायला आणि अण्णांना जयभीम. उत्तर लवकर दे, तुझ्यावर भार टाकून मी निवांत बसलो आहे.
विलास


माजलगाव,
१७ जून २०२२

चि. विलास यास,
अक्काचा जयभीम, आशीर्वाद. वि. वि.

यांनी दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी स्वतःच बीडला जाऊन रोहिणीसाठी बूट घेऊन आले. एक नंबर मोठे आणले आहेत, ते तू बदलून घे. म्हणजे निर्णय झाला.

मला भीती वाटते, ती लपवत नाही. पोरगी पहिल्यांदा घराबाहेर राहणार. पण दुसऱ्या कुणाकडे पाठवलं असतं तर झोप लागली नसती. तुझ्याकडे पाठवते म्हणून लागेल. एकच सांगणं. तिचा पाय दुखला तर तिला बसव. ती रडेल, भांडेल, माझं ऐकत नाही तशी तुझंही ऐकणार नाही, तरी बसव. तुला हे दुसऱ्यांदा सांगावं लागू नये.

शनिवारच्या गाडीनं हे तिला घेऊन निघतील. लोणच्याची बरणी तिच्यासाठी आहे, तू अर्धी खाल्लीस तरी मला कळेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
अक्का


पुणे,
१६ मार्च २०२५

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

खूप महिन्यांनी लिहितोय, कान धर. दोन वर्षांसाठी मागितलेली पोरगी तिसऱ्या वर्षीही इथंच आहे, आणि दाजींनी एकदाही टोकलं नाही, हे त्यांचं मोठेपण. सामन्यांपायी गेल्या वर्षी राहिलेले बारावीचे पेपर यंदा तिनं बरे लिहिलेत असं तीच म्हणते.

आपण राज्याच्या लीगमध्ये अंतिम सामन्यात पोचलो. तीस तारखेला, रविवारी, कोल्हापुरात. रोहिणीनं या मोसमात नऊ गोल करून दिले. तिच्या बाजूला आता दोन-दोन जणी ठेवतात, तरी सापडत नाही. राज्य संघाचे निवडणारे त्या दिवशी येणार आहेत.

माझ्यापुरतं सांगायचं तर दिवस कठीण आहेत. अकादमीच्या अध्यक्षांनी परवा बोलावून स्पष्ट सांगितलं, की तीन वर्षांत एकही करंडक आला नाही, यंदा नाही आला तर त्यांना दुसरा कोच बघावा लागेल. चौतिसाव्या वर्षी परत शाळांमध्ये शिट्टी घेऊन हिंडायची माझी तयारी नाही.

एक सांगायचं राहिलं. उपांत्य सामन्यात रोहिणीचा डावा गुडघा थोडा मुरगळला. जराशी सूज आहे. मंगळवारी डॉक्टरला दाखवणार. तू काळजी करशील म्हणून लिहीत नव्हतो, पण न लिहिणं बरं वाटेना.

अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना. तुझा आधार आहे तो असू दे.
विलास


माजलगाव,
२१ मार्च २०२५

चि. विलास यास,
आशीर्वाद. वि. वि.

बाकीच्या बातम्या मागाहून लिहीन. आधी गुडघ्याचं.

गुडघा मुरगळला आणि वर सूज आली, म्हणजे आत काहीतरी फाटलेलं असू शकतं. हाताने दाबून कळत नाही. एमआरआय करून घे. तो चांगला येईपर्यंत तिला पळवायचं नाही, उभं करायचं नाही, अंतिम सामना असो की आणखी काही. रविवारी ती फोनवर म्हणाली, सगळं मस्त आहे. मस्त आहे असं ती तेव्हाच म्हणते जेव्हा नसतं. ही तुझी सवय तिनं उचलली.

तुझ्या नोकरीचं वाचून वाईट वाटलं. गेली तर जाऊ दे. घाटनांदूरला तुझी खोली आहे, माजलगावला माझं घर आहे, आम्ही सगळे मिळून खाऊ. हे मी मनापासून लिहिते, विलास. नोकरीपायी तू भलतं काही करशील असं मला वाटत नाही, पण तू दोन्ही गोष्टी एकाच पत्रात लिहिल्यास, ते मी परत परत वाचलं.

कालपासून फोन लावते, तू उचलत नाहीस, म्हणून दवाखान्यातून निघता निघता हे पोस्टात टाकते. मिळालं की फोन कर.
अक्का


पुणे,
१५ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
जयभीम.

रोहिणीला घेऊन तू आणि दाजी गेलात त्याला पंधरा दिवस झाले. जाताना तू मला विचारलंस, माझं पत्र मिळालं होतं का. मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. पत्र सव्वीस तारखेला मिळालं. मी ते दोनदा वाचलं.

एमआरआय तू सांगायच्या आधीच झाला होता, अठरा तारखेला. लिगामेंट अर्धं फाटलंय, सहा आठवडे मैदानात पाय ठेवायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. खोलीत मी आणि रोहिणी दोघंच होतो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, आईला सांगू नका. मी म्हटलं, बरं. अक्का, तिथं मी मामाही नव्हतो आणि कोचही नव्हतो. मला बरं वाटलं होतं की हे तिनंच म्हटलं.

सामन्याच्या सकाळी अध्यक्षांच्या ओळखीचे एक डॉक्टर आले. कपडे बदलायच्या खोलीत सगळ्या मुली बूट बांधत होत्या. मी तिच्याजवळ गेलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, जमेल ना. शब्द तेच होते. तोंडातून निघाल्यावर मला ऐकू आले. तेव्हाही परत घेता आले असते. ती जमेल म्हणाली आणि सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग त्या डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यात इंजेक्शन दिलं.

पुढचं तुला कुणी सांगितलेलं नाही. चौसष्टाव्या मिनिटाला तिच्या चेंडूवर आपला गोल झाला. सगळ्या गोल करणारीकडे धावल्या. रोहिणी कडेलाच उभी राहिली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. तिला बाहेर यायचं होतं. ते बघणं मला न कळायला मी काही नवखा नव्हतो. शेजारी बदली खेळाडू उठून उभी होती. मी हातानं खूण केली, चालू ठेव. एकाहत्तराव्या मिनिटाला ती पडली. तिच्या आसपास कुणी नव्हतं.

आपण जिंकलो. अध्यक्षांनी माझा सत्कार ठेवला. राज्य संघाच्या सहायक कोचसाठी माझं नाव सुचवलं आहे म्हणे.

ज्या माणसाला मी नऊ वर्षं शिव्या दिल्या, तो निदान माझा कुणी लागत नव्हता.

काय मागू कळत नाही, म्हणून काही मागत नाही.
विलास


माजलगाव,
२७ एप्रिल २०२५

विलास,

तुझं पत्र मिळालं. त्यातलं निम्मं मला तिसऱ्या दिवशीच माहीत होतं. एमआरआयच्या फिल्मवर तारीख छापलेली असते. अठरा मार्च. ती मी खिडकीशी धरून वाचली आणि यांना काही न सांगता फिल्म परत पाकिटात घातली. तेव्हापासून तू लिहिण्याची वाट बघत होते. तू लिहिलंस, एवढं तुझ्या बाजूनं मांडते. जास्त मांडता येत नाही.

खुणेचं मला माहीत नव्हतं. ते तू लिहिलं नसतंस तर बरं झालं असतं असं एकदा वाटलं, मग वाटलं, नाही, हेच लिहायला हवं होतं.

परवा छत्रपती संभाजीनगरला तिचं ऑपरेशन झालं. गादीचा बराच भाग काढावा लागला. चालेल, जिने चढेल. पळण्याचं एक वर्षानं बघू, असं डॉक्टर म्हणतात. तेही खेळण्याबद्दल नाही, नुसत्या पळण्याबद्दल. तिला शुद्ध आली तेव्हा तिनं आधी विचारलं, मामा आलेत का. मी नाही म्हटलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

यांना मी अजून सगळं सांगितलेलं नाही. अण्णांना तर काहीच नाही. ते स्टेशनवर सांगत फिरतात, नातीनं कप आणला. मी आई आहे आणि तुझी बहीणही आहे. दोन्ही एकदम होता येत नाही, मी करून बघितलं. म्हणून सध्या आई राहते. तू इकडे येऊ नकोस. फोन करू नकोस. मी तुला शाप दिलेला नाही, तो माझ्या तोंडून निघणार नाही. पण दारात उभा राहिलास तर मला तुझ्याकडे बघवणार नाही.

चैताली


माजलगाव,
२० जून २०२५

ती. विलासमामास,
रोहिणीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आईला न सांगता लिहिते. तुमची दोघांची पत्रं ती पेटीत ठेवते, ती मी वाचली. तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं की तुमच्याबरोबर असं झालं होतं. खेळताना आपोआप झालं, एवढंच सांगायचात. हे मला आधी माहीत असतं तर मी नाही म्हटलं असतं का, याचा मी खूप विचार केला. नसतं म्हटलं.

आई म्हणते, तुला त्याचा राग यायला हवा. मला येत नाही, आणि ते बघून तिला जास्त त्रास होतो. मी तिला सांगू शकत नाही ते तुम्हाला सांगते. त्या दिवशी मी आयुष्यात सगळ्यात छान खेळले. गुडघा नसल्यासारखाच होता. दोघीजणी अंगावर आल्या तरी मला सगळं सावकाश दिसत होतं. आता दिवसभर पाय उशीवर ठेवून पडते तेव्हा तेच दिसतं. तुम्ही विचारलं नसतं तर तो तास मिळाला नसता आणि गुडघा राहिला असता. यातलं काय हवं होतं, मला ठरवता येत नाही. तुम्हीच सांगा. तुम्ही दोन्ही बघितलंय.

बाबांना आता सगळं कळलं आहे. कालव्यावर ड्यूटीला जातात आणि उशिरा येतात. माझे बूट त्यांनी माळ्यावर टाकले.

बारावीला सदुसष्ट टक्के पडले. आई म्हणते नर्सिंग कर. करीन बहुतेक. संघातल्या मुलींचे रविवारी फोन यायचे, आता कमी झालेत. नवीन कोच आल्यात म्हणे, म्हणजे तुम्ही सोडलं. कुठं आहात ते माहीत नाही म्हणून आजोबांच्या पत्त्यावर पाठवते.

माझ्यावर रागावू नका.
रोहिणी


घाटनांदूर,
२ जुलै २०२५

चि. रोहिणीस,
मामाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. रागावू नका असं तू मला लिहावंस, यापेक्षा मोठी शिक्षा तुझ्या आईलाही सुचली नसती.

अकादमी सोडली. जे केलं ते लिहून असोसिएशनला पाठवलं. आठ दिवसांनी एका साहेबांचा फोन आला, की असं लेखी कशाला द्यायचं, खेळात होतंच, अर्ज मागे घ्या. मी घेतला नाही. पुढं काही झालं नाही आणि होणार नाही. लायसन्स अजून माझ्याच नावावर आहे. मी शिकवत नाही.

अण्णांना मी स्वतः सांगितलं. स्टेशनच्या बाकावर बसलो होतो, परळीची गाडी जाऊ दिली आणि सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पोरीला जिना चढता येतो का. मी येईल म्हटलं. मग ते उठून घरी गेले. तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. जेवायला बोलवायचं असलं तर मायला सांगतात, त्याला म्हणावं ताट वाढलंय. माय मधे बसून दोघांना वाढते आणि कुणाकडेच बघत नाही.

तू विचारलंस, काय हवं होतं. गुडघा. पोरी, यात ठरवण्यासारखं काही नाही. मी तुला हे लगेच सांगू शकतो, पण स्वतःला सांगायला मला नऊ वर्षं लागली. माझ्याकडेही तसा एक तास आहे. कोचसरांना शिव्या देता देता मी तो तास मनात जपून ठेवला होता, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला म्हणून. तो वाईट होता असं मी कधी स्वतःला म्हटलंच नाही. म्हटलं असतं तर त्या खोलीत माझा हात तुझ्या खांद्यावर गेला नसता. तू तरी आत्ताच म्हण. रोज म्हण, पटेपर्यंत.

माझ्या वतीनं आईकडे काही बोलू नकोस. तिच्या मनात यायचं तेव्हा येईल, नाही आलं तर तेही तिचं बरोबर असेल. हे पत्र मात्र तिला दाखव. तिच्यापासून लपवलेलं आता आपल्यात काही नको.

पायाचं सांगतो, ते नीट वाच. टाचेखाली उशी घेऊन गुडघा पूर्ण सरळ करायचा आणि मांडी आवळून दहा मोजायचे. दिवसातून तीनदा. सहा महिन्यांनंतर सरळ होत नाही, आत्ताच करून घ्यायचं असतं, हे मी माझ्या चुकीनं शिकलो. मग टाच जमिनीवरून मागं सरकवायची, जितकी सहज येईल तितकीच. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. फिजिओ नवीन काही सांगतील, ते आईला विचारून कर. दुखलं की थांबायचं. समोर कोण आहे ते बघायचं नाही, कोण काय म्हणतंय ते ऐकायचं नाही. मी म्हटलं तरी थांब.

मामा